नकाशावरचा झरा

एक होता डोंगर. त्याच्या अंगावर मेंढ्या चरायच्या, नेचे माजायचे आणि कमरेपाशी झरे फुटायचे. झऱ्यांचं पाणी उतारावरून ओघळत खाली दरीतल्या नदीला मिळायचं. पुढे कधीतरी त्या डोंगराची मोजणी झाली. मोजणीदारांनी घरं मांडली, पायवाटा मांडल्या आणि झरेही मांडले. उतारावर मध्येच सुरू होऊन खाली जाणारी एक बारीकशी रेघ, एवढीच त्यातल्या एका झऱ्याची नोंद. नकाशा छापला गेला आणि विक्रीला आला. कुणीही घ्यावा, कुणीही उघडून पाहावा.

ही गोष्ट त्या रेघेची आहे.

डोंगर दक्षिण वेल्समधला, मर्थर टिडविल या शहराच्या खालच्या अंगाला. नदीचं नाव टॅफ. डोंगराच्या पायथ्याशी जे गाव वसलं त्याचं नाव अबरव्हॅन. वेल्श भाषेत ‘अबर’ म्हणजे ओढ्याचं किंवा नदीचं मुख. व्हॅन नावाचा ओढा जिथे नदीला मिळतो ते अबरव्हॅन. आपल्याकडेही ओढ्या-नाल्यांवरून गावांची नावं पडतात, आणि अशी नावं जुन्या माणसांनी उगाच ठेवलेली नसतात. गावातल्या शाळेचं नाव पँटग्लास. ‘पँट’ म्हणजे खोलगट जागा आणि ‘ग्लास’ म्हणजे हिरवी. पाण्याच्या मुखावरचं गाव आणि हिरव्या खळगीतली शाळा. गावाची भाषा येणाऱ्या कुणालाही पाणी कुठून कुठे जातं हे नुसत्या नावांवरून कळलं असतं.

1869 साली जॉन निक्सन या खाणमालकाने नदीच्या पलीकडे मर्थर व्हेलची खाण खणायला घेतली, तेव्हा अबरव्हॅनच्या जागी दोन घरं आणि एक खानावळ यापलीकडे काही नव्हतं. कोळसा लागला आणि माणसं आली. दरी अरुंद, सपाट जागा कमी, म्हणून घरं एकाला एक चिकटून, लांबच लांब रांगांत बांधलेली. त्या भागातला कोळसा जळताना धूर कमी आणि वाफ भरपूर द्यायचा. ब्रिटिश आरमाराला तोच हवा असे. सुएझ कालव्यातून मुंबईच्या बंदरात शिरणाऱ्या कितीतरी आगबोटींच्या भट्ट्यांत याच दऱ्यांमधला कोळसा पेटलेला असायचा. 1913 साली दक्षिण वेल्समधून साधारण 5 कोटी 70 लाख टन कोळसा निघाला आणि सव्वादोन लाखांहून जास्त माणसं खाणींवर काम करत होती. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला सेंगहेनिदच्या खाणीत स्फोट झाला आणि 439 कामगार गेले. त्यांना काढायला उतरलेला आणखी एक माणूसही गेला.

अशा ठिकाणी राहणाऱ्यांना मरणाची ओळख करून द्यावी लागत नाही. त्या ओळखीतूनच या लोकांनी एकमेकांना धरून राहण्याची रीत घडवली. ट्रेडीगर गावच्या कामगारांनी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून सगळ्यांसाठी दवाखान्याची सोय केली होती. त्याच गावात जन्मलेला, पोरवयातच खाणीत उतरलेला अनायरिन बेव्हन पुढे मंत्री झाला आणि 1948 मध्ये त्याने साऱ्या ब्रिटनसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. गावोगावी कामगारांच्या वर्गणीतून वाचनालयं उभी राहिली, प्रार्थनामंदिरांतून गाणारी मंडळं तयार झाली. कोळशाच्या इतिहासात आपण टनांचे आकडे वाचतो. मला विचाराल तर त्या दऱ्यांनी जगाला दिलेली सर्वात मोलाची गोष्ट ही, की आजारी शेजाऱ्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा.

आणि एक शहाणपण त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. खाणीत उतरलेला माणूस छताकडे बघितल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. काठीने छत ठोकून बघतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ बद्द आला तर तिथून बाजूला होतो. लाकडी टेकूची करकर ऐकतो. दिव्याच्या ज्योतीचा रंग पाहून हवेत वायू आहे का ते ओळखतो. जमिनीखालच्या पाण्याला तर तो सर्वात जास्त वचकून असतो. प्रत्येक पाळीआधी जागा तपासायची, तपासणीची नोंद करायची, नोंदीवर सही करायची, असे कायदे शंभर वर्षांच्या मढ्यांतून तयार झाले होते.

हे सगळं जमिनीखाली.

जमिनीच्या वर मात्र काय होतं? कोळशाबरोबर दगड निघतो, माती निघते, राख निघते, कोळसा धुतल्यावर उरलेला काळा गाळ निघतो. हे सगळं कुठेतरी टाकायला लागतं. दरीत जागा नाही म्हटल्यावर मर्थर व्हेलचा हा राडारोडा 1916 पासून गावावरच्या डोंगरावर नेऊन टाकू लागले. ट्रामगाड्या भरायच्या, दोराने वर ओढायच्या, उलट्या करायच्या. ढीग मोठा झाला की शेजारी दुसरा. असे होता होता सात ढीग झाले. त्यातला चौथा 1944 मध्ये घसरला. खाली कुणी सापडलं नाही म्हणून गोष्ट तिथेच मिटली. त्याआधी 1939 मध्ये जवळच्याच एका खाणीचा ढीग घसरून मोठा रस्ता गाडला गेला होता आणि त्यानंतर ढीग का घसरतात यावर इंजिनिअरांनी टिपणही लिहिलं होतं. पाण्यापासून जपा, हे त्यातलं मुख्य सांगणं. ते टिपण फायलीत गेलं.

1 जानेवारी 1947 ला ब्रिटनमधल्या खाणी सरकारच्या, म्हणजे राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या झाल्या. ही खाण आता जनतेच्या वतीने चालवली जाते, अशा पाट्या खाणींच्या दारांवर लागल्या. ज्यांचे बाप-आजे मालकांशी भांडून थकले होते त्या लोकांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं असेल, तर त्यात नवल नाही. खाण आपली झाली होती.

1958 च्या ईस्टरला सातवा ढीग सुरू झाला. त्याची जागा ठरवायला खाणीची माणसं डोंगरावर गेली, पायी फिरली आणि जागा पसंत करून खाली आली. जमिनीत भोक पाडून कुणी तपासलं नाही. नकाशा कुणी उघडला नाही. तो उघडला असता तर दिसलं असतं की ढीग ज्या जागी घालायचा म्हणताहेत, तिथूनच ती बारीक रेघ सुरू होते.

झरा बुजवला म्हणून पाणी थांबत नाही. ते ढिगाच्या पोटात साठत गेलं. वरून पावसाचं पाणी, खालून झऱ्याचं, आणि त्यात धुतलेल्या कोळशाचा पिठासारखा बारीक गाळ. यातून काय होतं ते समजायला इंजिनिअर असायला नको. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत उभं राहून एकाच जागी पाय थोपटत राहा. घट्ट वाटणारी वाळू बघता बघता सैल पडते, पाणी वर येतं आणि पाय आत रुततो. वाळू तीच, पाणी तेवढंच, पण मघाशी वजन पेलणारी जमीन आता वाहणारा पदार्थ होते. सातवा ढीग असा 111 फूट उंच झाला होता.

गावाला कळत नव्हतं असं नाही. पावसाळी दिवसांत डोंगरावरून काळं पाणी शाळेच्या आसपास उतरायचं, घरांत शिरायचं. जुलै 1963 मध्ये मर्थरच्या नगर इंजिनिअरने पत्र लिहिलं. शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळापासून धोका आहे, हाच त्या पत्राचा विषय होता. कोळसा मंडळाशी पत्रव्यवहार झाला, उत्तरं आली, पुढे काही झालं नाही. त्याच वर्षी सातवा ढीग एकदा घसरलाही. 1964 मध्ये एका नगरसेविकेने सभेत बोलून दाखवलं की हा ढीग हलला तर शाळेवर येईल. 1965 मध्ये पँटग्लासमधल्या मुलांच्या आयांनी पुराच्या पाण्याबद्दलचा अर्ज मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती दिला आणि बाईंनी तो पुढे पाठवला.

इतकं सगळं झालं. मग लोक आणखी मोठ्याने का ओरडले नाहीत? याचं उत्तर ऐकताना जीव कळवळतो. त्या काळात वेल्समधल्या खाणी एकापाठोपाठ एक बंद पडत होत्या. ढिगाची कटकट लावून धरली तर उद्या मंडळ म्हणेल, ही खाण परवडत नाही. घरातली चूल त्या खाणीवर पेटायची. घरातलं सामान, रविवारचे कपडे, सगळं त्यातूनच. ज्या हातांना भाकर मिळते ते हात जोडलेले राहतात. पूर्वीच्या मालकाशी भांडता येत होतं. आता खाण आपल्याच सरकारची, तेव्हा तक्रार तरी कुणाची आणि कुणाकडे करायची?

21 ऑक्टोबर 1966, शुक्रवार. सहामाहीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, दुपारी शाळा सुटणार होती. दरीत धुकं इतकं दाट की हाकेवरचं माणूस दिसेना. वर डोंगरावर मात्र स्वच्छ ऊन पडलेलं.

सकाळी ढिगावर काम करणारी टोळी वर पोचली तर ढिगाचा माथा दहा फूट खचलेला. क्रेनचे रूळ खाली पडलेले. टोळीच्या मुकादमाने एका गड्याला खाली पिटाळलं, जा, सांगून ये. त्याला पायी जावं लागलं, कारण डोंगरावरच्या टेलिफोनची तार चोरीला गेली होती. तो निरोप घेऊन परत येईपर्यंत खचका आणखी वाढून वीस फुटांवर गेला होता. खालून निरोप आला, आज टाकणं थांबवा, पुढच्या आठवड्यात दुसरी जागा बघू. माणसं क्रेन मागे घ्यायला निघणार, त्याआधी घोटभर चहा घ्यावा म्हणून टपरीत वळली. त्यांच्यातला एक जण खचक्याच्या काठावर उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत, खाली गेलेला ढीग आधी सावकाश वर आला आणि मग उलटून दरीच्या दिशेने निघाला. खाली दाट पांढरं धुकं. ढीग त्या धुक्यात शिरला. त्या माणसांना त्यातलं काहीच दिसलं नाही.

सव्वानऊ वाजले होते. गावातल्या लोकांनी आवाज ऐकला तो जेट विमानासारखा. वाटेत एक शेतघर होतं, ते आतल्या माणसांसकट गेलं. मग शाळा आणि तिच्या बाजूची घरांची रांग. मुलं नुकती वर्गात बसली होती, हजेरी चालली होती. व्हरांड्यात एक बाई मुलांकडून जेवणाचे पैसे गोळा करत होत्या. आवाज ऐकताच त्यांनी जवळच्या पाच मुलांवर स्वतःला झोकून दिलं. ती पाचही मुलं वाचली. बाई गेल्या.

मग खाणीतून माणसं आली. खाली पाळीवर असलेले कामगार काळ्याठिक्कर तोंडांनी, दिव्याच्या टोप्यांसकट, फावडी घेऊन आले. शतकभर त्यांच्या गावांतून बायका खाणीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आत पुरलेल्या पुरुषांसाठी. त्या दिवशी बाप डोंगराखाली आपल्या लेकरांना खणून काढत होते. अधूनमधून शिटी वाजायची आणि हजारभर माणसं श्वास रोखून गप्प उभी राहायची, गाळाखालून आवाज येतो का ते ऐकायला. अकरा वाजल्यानंतर एकही जीव जिवंत निघाला नाही. 116 मुलं गेली, त्यांतली बहुतेक सात ते दहा वर्षांची. 28 मोठी माणसं गेली, त्यांत पाच शिक्षक. मृत्यूच्या चौकशीत एका मुलाच्या मृत्यूचं कारण गुदमरणं असं वाचलं जाताच त्याचा बाप उठून म्हणाला की असं लिहू नका. कोळसा मंडळाने जिवंत पुरला, असं लिहा.

कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स. दुर्घटना कळल्यावरही ते आधी एका विद्यापीठाचं कुलपतिपद स्वीकारायच्या समारंभाला गेले आणि नंतर अबरव्हॅनला आले. तिथे त्यांनी टेलिव्हिजनच्या बातमीदाराला सांगितलं की ढिगाच्या पोटात झरा आहे हे कळणं शक्यच नव्हतं.

इथे मला थांबावंसं वाटतं. डोंगरावर खेळायला जाणाऱ्या मुलांना तो ओढा माहीत होता. मेंढरं राखणाऱ्याला माहीत होता. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होता. सरकारने स्वतः छापलेल्या नकाशावर तो होता. ‘कळणं शक्यच नव्हतं’ या शब्दांत ही सगळी माणसं आणि तो कागद एका झटक्यात पुसून टाकलेला आहे. अध्यक्षांनी मुद्दाम खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. मंडळात वरपासून खालपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, म्हणून त्याचं उत्तर त्यांना खरोखर माहीत नसावं. खाणीतल्या छताला रोज काठीने ठोकून बघणारी यंत्रणा डोंगरावरच्या ढिगाकडे वळून बघत नव्हती. ढीग हा खाणीचा भागच नाही, तो कचरा, अशी समजूत होती. कायदाही तेच समजत होता. ढिगांच्या सुरक्षिततेबद्दल खाणीच्या कायद्यांत काही नव्हतंच.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या आयोगाने 76 दिवस सुनावणी घेतली, 136 साक्षी तपासल्या. मंडळ पहिल्यापासून जबाबदारी झटकत राहिलं. अध्यक्ष साक्षीला आले तेही सुनावणी संपत आल्यावर, आणि तिथे त्यांना कबूल करावं लागलं. ऑगस्ट 1967 मध्ये अहवाल आला. दोष कोळसा मंडळाचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं. ही दुष्टपणाची कहाणी नाही, अज्ञानाची, अकार्यक्षमतेची आणि एकाने दुसऱ्याला वेळेवर न सांगण्याची आहे, असंही लिहिलं. नऊ जणांना नावानिशी जबाबदार धरलं. त्यांतल्या एकावरही खटला झाला नाही. अध्यक्षांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही.

1969 मध्ये ढिगांबद्दलचा कायदा झाला. तरी फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी पावसात ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउनचा जुना ढीग घसरून नदीत आला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर वेल्समध्ये सरकार मोजायला बसलं तेव्हा अशा वापर संपलेल्या ढिगांची संख्या अडीच हजारांच्या वर भरली. खाणी बंद पडून कित्येक वर्षं उलटली होती, मर्थर व्हेलची स्वतःची 1989 मध्ये बंद झाली. ढीग आपल्या जागी उभे होते, आणि पाऊस पूर्वीपेक्षा जास्त जोराने कोसळू लागला होता.

आता अबरव्हॅनचीच एक शेवटची हकिगत. दुर्घटनेनंतर जगभरातून सुमारे 88,000 देणग्या आल्या, साडेसतरा लाख पौंड जमले. मंडळाने मूल गमावलेल्या घराला दर मुलामागे 500 पौंड भरपाई दिली. आणि उरलेले ढीग डोंगरावर तसेच होते. रोज सकाळी दार उघडलं की समोर तेच. वाचलेली मुलं पाऊस सुरू झाला की दचकून उठायची. ढीग हलवा, अशी मागणी गावाने केली. उत्तर आलं, ते आता सुरक्षित आहेत आणि हलवायला खर्च फार येतो.

मग गावकऱ्यांनी डोंगरावरचा तो काळा गाळ पिशव्यांत भरला आणि कार्डिफला गेले, वेल्सचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेरीत. साहेबांच्या टेबलांमधून वाट काढत आत शिरले आणि पिशव्या जमिनीवर उलट्या केल्या.

त्यानंतर ढीग हलवायचं ठरलं. त्या खर्चातले दीड लाख पौंड सरकारने मेलेल्या मुलांच्या नावाने जमलेल्या निधीतून घेतले. 1997 मध्ये तेवढेच दीड लाख, एक पैही व्याज न देता, परत केले. 2007 मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी वीस लाख दिले. पण 1968 च्या त्या दिवशी कचेरीतल्या माणसांना पहिल्यांदा त्या गाळात पाय न भरवता इकडून तिकडे जाता येईना. गाळ ओला होता. झाडू आणून तो काढता येण्यासारखा नव्हता, वाकून हातांनीच भरावा लागणार होता.